वसईतलं अजून चालू असलेलं जुनं दगडी चर्च बघायचंय, मिस्सेला बसलं तर चालतं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. नारोशंकराच्या देवळावरची ती मोठी घंटा इथे सगळ्यांना माहीत आहे, पुराचं पाणी घंटेला लागलं म्हणजे शहराचं काही खरं नाही असं लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ती घंटा मूळची वसईच्या चर्चमधली हे पण सगळेच सांगतात. तर सासरेबुवा आता रिटायर झालेत आणि त्यांना इतिहासाचं जबरदस्त वेड लागलंय, त्यांचं म्हणणं की घंटा बघत आलो आयुष्यभर, आता ती जिथून आली ती जागा नीट बघू.

वसईचा किल्ला आमचा आधी बघून झालाय, पण तिथे सगळं पडकं, कमानी आणि वडाची मुळं, आणि फोटो काढणारी जोडपी. आम्हाला यावेळी असं चर्च बघायचंय की जे पोर्तुगीज काळातलं आहे पण अजून रोज वापरात आहे, गावातले लोक येतात, लग्नं लागतात वगैरे. असं काही उरलंय का? कुठलं बघावं? आम्ही ख्रिश्चन नाही, तर रविवारी मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक प्रार्थना, चालू असताना आत जाऊन बसलं तर कोणी काही म्हणेल का? सोबत दोन पोरं आहेत, एक सहावीत आणि एक पहिलीत, पहिलीतलं शांत बसेल याची गॅरंटी नाही.

अजून एक. नेटवर फोटो बघितले तर बरीचशी चर्चेस पांढरी नाहीतर क्रीम रंगाची दिसतात, आत पंखे, ट्यूबलाइट, स्पीकर. सासरे म्हणतात एवढ्या सुंदर दगडी भिंती असताना वर गिलावा आणि रंग का फासलाय, सगळा खरवडून दगड मोकळा केला तर काय भारी दिसेल. मला त्यातलं कळत नाही, जाणकारांनी सांगा.

---

वाडीवरचा_कुपारी

या की बिनधास्त! कोणी काही म्हणणार नाही, उलट मिस्सा संपल्यावर दोनचार जण येऊन विचारतील कुठून आलात म्हणून.

मी आगाशी-नंदाखाल पट्ट्यातलाच. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर म्हणजे नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च, होली स्पिरिट, स्थापना १५७३ ची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पण पन्नासेक वर्षं आधी तिथे मिस्सा सुरू झाली. मध्ये दुरुस्त्या, वाढीव बांधकाम वगैरे झालंच, साडेचारशे वर्षांत होणारच, पण जागा तीच, देऊळ तेच आणि माणसं पण तीच, म्हणजे त्याच घरांची. आमच्यात म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, "देवळात निंगालो" असं कोणी म्हणालं तर गोंधळू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ते याच नंदाखालचे. त्यामुळे सासऱ्यांना मराठी ऐकायला मिळेल का अशी शंका असेल तर काढून टाका, आमची मिस्सा मराठीत असते, वाचनं मराठी, गाणी मराठी, फादरांचं प्रवचन मराठी. पूर्वी लॅटिन होती, साठच्या दशकात व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली आणि त्यानंतर लोकभाषेत आली. माझ्या आजीला लॅटिन प्रार्थना पाठ होत्या, अर्थ एकाही ओळीचा माहीत नव्हता पण म्हणताना एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. घरात मात्र आम्ही कादोडी बोलतो, म्हणजे सामवेदी बोली, ती तुम्हाला निम्मीच कळेल.

पापडीला पण जा, ते कॅथेड्रल आहे. १९९८ साली मुंबईपासून वेगळा करून वसई धर्मप्रांत झाला तेव्हापासून बिशपचं मुख्य चर्च ते. वसई गावाकडे जाताना रस्त्यावरच लागतं.

आणि किल्ल्यात गेला होतात म्हणता तर तिथलं एक चालू चर्च बहुतेक तुमच्या नजरेतून सुटलं. जेझुइट या पाद्र्यांच्या संघाचं, मूळ नाव पवित्र येशू नामाचं, आता संत गोन्सालो गार्सियाचं म्हणून ओळखतात. बाकी सगळ्यांची छपरं गेली, या एकाला परत छप्पर घातलंय आणि तिथे मिस्सा होते. गोन्सालो गार्सिया म्हणजे आमचा वसईचा पोरगा, आई इथली, बाप पोर्तुगीज शिपाई, व्यापाराच्या निमित्ताने जपानला गेला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला बाकीच्या पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवून मारलं. १८६२ साली पोपनी त्याला संत जाहीर केलं, भारतात जन्मलेला पहिला संत तो. फेब्रुवारीत त्याचा सण असतो तेव्हा किल्ल्यात या, एरवी जिथे भुतासारखी शांतता असते तिथे बसायला जागा मिळत नाही.

पोरांची काळजी करू नका. आमची पण पोरं मिस्सेत बेंचखाली रांगत असतात. फारच रडारड झाली तर बाहेर मंडपात घेऊन जायचं, स्पीकरवर ऐकू येतंच. ज्या स्पीकरवर तुम्ही नाराज आहात तोच 😀

---

तोफखाना

घंटेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे. भीमाशंकरला आहे तिच्यावर १७२९. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे ती तर बघाच, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते, हात लावून बघता येते. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा या आणि अशा बऱ्याच घंटा सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि आपापल्या देवळांना वाहिल्या. ओतीव काम इतकं सरस की आजही नाद तसाच आहे. वज्रेश्वरीला चिमाजींनी नवस बोलला होता, वसई पडली तर किल्ल्यासारखं देऊळ बांधीन म्हणून, ते देऊळ पण त्याच भागात आहे, सासऱ्यांना नक्की दाखवा, पायऱ्या चढून वर गेलं की बुरुजच वाटतो.

पण एक गोष्ट लोक विसरतात. किल्ला पडला तेव्हा आतल्या पोर्तुगीजांना चीजवस्तूसह सन्मानाने जाऊ दिलं होतं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा तहात होती. म्हणूनच किल्ल्यातली चर्चेस ओसाड पडली आणि गावातली टिकली. किल्ल्यात कोण होतं? फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव, त्यांची कुटुंबं, शिबंदी, आणि प्रत्येक संघाचा आपापला मठ, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन. ते सगळे बोटीत बसून निघून गेले. मग त्या चर्चला कौलं शाकारणार कोण, पावसाळ्याआधी वासे बदलणार कोण? छपराला एकदा भोक पडलं आणि कोणी चढलं नाही की दोन-तीन पावसाळ्यांत लाकूड कुजतं, छप्पर खाली येतं आणि मग भिंतींच्या डोक्यात पाणी शिरतं. पुढे तयार दगड आणि लाकूड लोकांनी घरांना नेलं ते वेगळंच.

गावातला शेतकरी कुठे जाणार? त्याची वाडी, विहीर, पानवेल सगळं इथेच. तो राहिला म्हणून त्याचं चर्च राहिलं. गोरे पाद्री गेले तर गोव्याकडचे एतद्देशीय फादर आले आणि काम चालू राहिलं. मला हा भाग लढाईपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो खरं तर, पण यावर कोणी पोवाडा लिहीत नाही.

---

चुना_आणि_सुरकी

गोदाकाठची ताई, सासरेबुवांना माझा साष्टांग नमस्कार सांगा आणि त्यांच्या हातातली खरवडणी काढून घ्या 🙏🙏

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, माझं रोजचं भांडण हेच आहे. "दगड मोकळा करा, हेरिटेज लुक येईल." अहो ज्यांनी बांधलं त्यांनी तो दगड दिसावा म्हणून बांधलाच नव्हता! भिंतीचा गाभा म्हणजे ओबडधोबड काळा दगड, मध्ये चुन्यात बसवलेल्या कपच्या, आणि वर दोन्ही बाजूंनी चुन्याचा गिलावा. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना, चौकटींना, कमानींना, खांबांना. तो दिसायला ठेवलेला असतो. बाकीचा झाकायला. किल्ल्यात तुम्हाला सगळीकडे दगडच दगड दिसला कारण गिलावा तीनशे पावसांत धुऊन गेला.

समुद्र किती जवळ आहे बघा. वाऱ्यात खार, जमिनीत खार. ओल भिंतीत खालून वर चढते आणि बरोबर मीठ घेऊन येते. चुन्याचा गिलावा असला तर ओल त्यातून बाहेर पडते, मीठ गिलाव्यात येऊन साठतं, काही वर्षांनी गिलावा भुसभुशीत होतो, पापुद्रे सुटतात, तो काढायचा, नवा लावायचा. म्हणजे गिलावा स्वतः मरतो आणि भिंतीला वाचवतो. तो काढून टाकलात की लोणा थेट सांध्यात आणि दगडात लागणार.

आणि याचं जिवंत उदाहरण बघायचं तर गोव्याला जा. बॉम जेझू चर्च, जिथे सेंट झेवियरचं शव आहे. १६०५ साली त्याचं पवित्रीकरण झालं तेव्हा त्याला गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज तज्ज्ञाने जुनं जुनं दिसावं म्हणून तो काढून टाकला. आज सगळं जग त्या लाल जांभ्या दगडाचे फोटो काढतं, आणि तो जांभा दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतोय. काही वर्षांपूर्वी तिथल्या रेक्टरनीच जाहीरपणे लिहिलं होतं की इमारत धोक्यात आहे, गिलावा परत लावा. आता गंमत अशी की लोकांना तो लाल रंगच "ओरिजिनल" वाटतो, परत पांढरं करायचं म्हटलं की विरोध.

जाता जाता, त्याच बॉम जेझूच्या दर्शनी भागावर जे कोरीव काळ्या दगडाचं काम आहे, तो दगड गोव्याचा नाही, तुमच्या या वसईचा. गलबतातून नेला. वसईचा दगड तेव्हा त्या कामासाठी नावाजलेला होता. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, भोकं भोकं असतात त्याला.

म्हणून पांढरं चर्च बघून हिरमुसू नका. पांढरं आहे म्हणजे कोणीतरी काळजी घेतंय. फक्त एक बघा, तो पांढरा थर चुन्याचा आहे की सिमेंटवर मारलेल्या ऑइलपेंटचा. दुसरा असेल तर मात्र माझं डोकं फिरतं. सिमेंटचा गिलावा ओल बाहेर पडू देत नाही, मग ती आत वर वर चढत जाते आणि खिडकीच्या उंचीला जाऊन फुगवटे येतात. हात ठेवून बघा, पोकळ वाजतं.

---

निळी_छत्री

@चुना_आणि_सुरकी सगळं पटलं पण मग एक सांगा, वापरात आहे म्हणून काहीही केलेलं चालतं का? मी कोकणपट्टीतली बरीच जुनी चर्च आणि देवळं पण फिरलेय आणि सगळीकडे तेच, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स, लाकडी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग, मंडप म्हणून पुढे निळे पत्रे. लोकांचं प्रेम असतं मान्य, पण प्रेमाने पण वाट लागते. त्यापेक्षा पुरातत्त्व खात्याकडे असलेली किल्ल्यातली पडकी चर्चेस बरी, निदान कोणी टाइल्स तरी लावत नाही. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीत पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत, अक्षरं अजून वाचता येतात. तेच वापरातलं चर्च असतं तर वर विट्रिफाइड आली असती हे नक्की.

---

वाडीवरचा_कुपारी

@निळी_छत्री टोमणा लागला, पण खोटं नाही 😅

आमच्याकडे ही भांडणं पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या गावसमितीच्या, मीटिंगमध्ये होतात. एक गट म्हणतो वाढवा, रविवारी अर्धी माणसं बाहेर उभी असतात. दुसरा म्हणतो जुन्याला हात लावायचा नाही. आणि पैसे कोणाचे? गावाचे. सरकार एक पैसा देत नाही, हे लक्षात घ्या, गावातली चर्चेस काही संरक्षित स्मारकं नाहीत. कुवेत-दुबईला असलेली पोरं पाठवतात, कोणी आईच्या नावाने बेंच देतं, कोणी पंखा देतं, आणि पंख्यावर नाव लिहितं. ज्याने पैसे दिले त्याला काहीतरी दिसायला हवं असतं. चुन्याच्या गिलाव्यावर नाव नाही लिहिता येत.

पण एक सांगतो. पत्रे वाईट दिसतात, कबूल. आमच्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर कसा पडतो माहितीये ना? प्रेतयात्रा येते, दोनतीनशे माणसं येतात, शवपेटी खांद्यावर आहे आणि वरून धो धो. तेव्हा तो निळा पत्राच देवासारखा वाटतो. थडग्याचे दगड वाचणाऱ्यांना छप्पर लागत नाही, रडणाऱ्यांना लागतं.

फरशीचं मात्र मी पण जिथे तिथे बोलतो. जुनी फरशी गार असायची, मे महिन्यात पोरं मिस्सा संपल्यावर तिच्यावर गाल टेकवून लोळायची.

---

चुना_आणि_सुरकी

@वाडीवरचा_कुपारी पत्र्याला माझी हरकत नाहीच, पत्रा उद्या काढता येतो. जे परत काढता येतं ते करा. सिमेंट काढता येत नाही, काढताना दगडाचा कपचा घेऊन निघतं. मीटिंगमध्ये एवढं एक वाक्य बोला.

आणि चुना महाग पडतो, माणसं मिळत नाहीत ही सबब पण पूर्ण खरी नाही. वसईत तर पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजायचे. कळीचा चुना आणायचा, हौदात विझवायचा, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, वाळू किंवा सुरकी, म्हणजे विटेची भुकटी, घालून मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर घालायचे. पूर्वी बैल फिरवून चुन्याच्या घाण्यात मळायचे, आता मिक्सर आहे. धीर लागतो हे खरं, एक थर वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही, आणि सणाआधी पंधरा दिवस काम काढलं तर मग सिमेंटशिवाय पर्यायच उरत नाही. सगळी जुनी देवळं अशीच बिघडली आहेत, हिंदूंची काय आणि ख्रिश्चनांची काय. काम नेहमी जत्रेच्या तोंडावर निघतं.

---

माहेर_वसई

गोदाकाठची, मिस्सेला कसं बसायचं ते कोणी नीट सांगितलंच नाही, सगळे भिंतीतच अडकलेत 😄 मी सांगते.

रविवारी सकाळी एकापाठोपाठ मिस्सा असतात, पहिली अगदी पहाटेची, तिला म्हातारी माणसं जास्त. ती गाठता आली तर बघा, अजून काही आज्या लाल लुगड्यात येतात, आमच्या कुपारी, म्हणजे इथल्या सामवेदी ख्रिस्ती, बायकांचा जुना पोशाख तो. पोरं असतील तर नंतरची मिस्सा बरी, तिला कॅटेकिझमची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाची, मुलं असतात, तुमच्या पहिलीतल्याला कंपनी मिळेल. वेळा सणावारी आणि पावसाळ्यात बदलतात म्हणून आदल्या दिवशी चर्चच्या ऑफिसला फोन करा नाहीतर नोटीस बोर्ड बघा.

मागच्या बेंचवर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले की तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी चालतं. चपला काढायची गरज नाही. शेवटाकडे सगळे रांग लावून पुढे जातात आणि फादर तोंडात किंवा हातावर पांढरी पातळ चकती देतात, त्या रांगेत मात्र जाऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं. प्रसाद म्हणून पुढे केला असं समजून बरेच पाहुणे चांगल्या मनाने जातात आणि मग देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची पंचाईत. जागेवर बसून राहा, कोणाला वाईट वाटत नाही. पोरांना आधी सांगून ठेवा, माझ्या मुंबईच्या मैत्रिणीच्या मुलाने "मला पण पापड पाहिजे" म्हणून भोकाड पसरलं होतं.

फोटो मिस्सा संपल्यावर. आणि कृपा करून वेदीच्या पायऱ्यांवर चढून काढू नका. हे तुम्हाला नाही, तुम्ही विचारताय म्हणजे तुम्ही करणार नाही. पण प्रीवेडिंगवाले इतके येतात हल्ली की काय सांगू, एकदा आमच्या मामाचं महिन्याचं मिस्साबलिदान (वारल्यानंतर महिन्याने होणारी मिस्सा) होतं, आम्ही सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यात दारात उभे आणि एक फोटोग्राफर म्हणतो थोडं साइडला व्हाल का, फ्रेममध्ये येताय. माझी मावशी कादोडीत जे काही बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

झावळ्यांच्या रविवारी जमलं तर या, ईस्टरच्या आधीचा रविवार. सगळं गाव हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जातं, पोरं त्याच झावळ्यांचे क्रूस आणि पोपट विणत बसतात प्रवचन चालू असताना. त्या घरी नेऊन जपून ठेवतात. नाताळात तर गर्दीच गर्दी, घरोघरी येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे केलेले असतात, पण ट्रॅफिकमुळे मी पाहुण्यांना सांगत नाही.

---

तोफखाना

माहेर_वसई ताईंचा रिप्लाय पिन करा कोणीतरी.

एक प्रश्न मनात होता, कुपारी भाऊंना विचारतो, राग मानू नका. त्या घंटांबद्दल तुमच्याकडे लोकांना काय वाटतं? परत मिळाव्यात वगैरे?

---

वाडीवरचा_कुपारी

@तोफखाना राग कसला. खरं सांगू का, वर्षातून एकदा कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतं, दोन दिवस चर्चा होते, मग केळीचे भाव निघतात आणि विषय संपतो. बहुतेक घंटा किल्ल्यातल्या आणि आसपासच्या मोठ्या चर्चच्या होत्या, त्या चर्चला आता मनोराच नाही तर टांगणार कुठे. माझं वैयक्तिक मत, तीनशे वर्षं त्या दुसऱ्या देवाच्या दारात वाजतायत, भाविक हात लावून नमस्कार करतात, म्युझियममध्ये गप्प पडण्यापेक्षा ते बरं. मी भीमाशंकरला गेलो होतो तेव्हा क्रूस शोधून काढला तिच्यावर आणि वाजवली पण. पण आमच्याच गावात माझ्याशी कडाडून भांडणारे आहेत, त्यांचं म्हणणं निदान तिथे पाटी तरी लावा की ही कुठून आणली. ते मागणं मला रास्त वाटतं.

निर्मळला कार्तिकात यात्रा भरते ना, शंकराचार्यांच्या समाधीची, तिला पण आमची माणसं जातातच. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायला.

---

शरणपूर_रोड

नाशिककरांनी वसईला जाण्याआधी घरचं पण बघा ओ. शरणपूरला सेंट अँड्र्यूज आहे, प्रोटेस्टंट, इंग्रज मिशनऱ्यांच्या काळातलं, आपण रोज त्या रस्त्याने जातो आणि बघत नाही. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथल्या मिशनमध्ये ठेवून शिकवायचे. आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन तिकडेच वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत या नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट होता. सासऱ्यांना हे सांगा, ते वसई रद्द करून आधी तिकडे जातील.

---

गोदाकाठची

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार 🙏 सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. गिलाव्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले "बरं, पण सिमेंट आहे का चुना ते मी हात लावून बघणार." म्हणजे आता चर्चमध्ये भिंती ठोकत फिरणार, कोणी ओळखीचं भेटलं तर सांभाळून घ्या. बॉम जेझूचा दगड वसईचा हे ऐकून तर त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

प्लॅन असा करतोय, शनिवारी दुपारी निघून वज्रेश्वरी, रात्री विरारला मुक्काम, रविवारी सकाळी नंदाखालची मिस्सा, मग पापडी आणि शेवटी किल्ल्यातलं गोन्सालो गार्सिया. पोरांसाठी अर्नाळ्याचा बीच जमला तर. हे एका दिवसात बसतं का? गाडी आमची आहे. आणि सुकेळी कुठे मिळतील?

---

माहेर_वसई

बसतं, पण क्रम बदला. विरारहून नंदाखाल जवळ आहे, मिस्सा झाली की तिथूनच अर्नाळा उरकून घ्या, ऊन चढायच्या आत. मग खाली पापडी आणि किल्ला. उलटं केलंत तर दोनदा तोच रस्ता आणि रविवारी संध्याकाळी त्या रस्त्याला सगळी मुंबई असते. जाताना वाडीतला रस्ता घ्या, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा दिसतील, मध्ये मध्ये बावखलं, म्हणजे आमची जुनी गोड्या पाण्याची तळी. बरीच बुजवली बिल्डरांनी, जी आहेत ती बघून घ्या.

किल्ल्यातलं चर्च एरवी बंद पण असू शकतं, तसं असलं तर बाहेरून दर्शनी भाग बघा, त्या कोरीव खांबांसाठी तेवढं पण वसूल आहे. तिथून सेंट जोसेफ चर्चचा मनोरा जवळ आहे, १६०१ चा शिलालेख बघायला विसरू नका.

सुकेळी हंगामाची वस्तू आहे, थंडीत आणि उन्हाळ्यात मिळतात, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, पावसाळ्यात कोणी करत नाही. सुक्या केळीच्या पानात गुंडाळलेली घ्या, प्लास्टिकच्या पाकिटातली नको. मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर कोणत्याही बाईला विचारा, दुकान सांगणार नाहीत, थेट कोणाच्या तरी घरी घेऊन जातील.

---

वाडीवरचा_कुपारी

आणि गाडी चर्चच्या गेटसमोर लावू नका, मागे शाळेचं मैदान आहे तिकडे लावा. पहिली मिस्सा सुटते आणि दुसरीची माणसं येतात तेव्हा गेटवर जो गोंधळ होतो त्यात साडेचारशे वर्षांची परंपरा वगैरे काही चालत नाही, हॉर्नच हॉर्न.

सासऱ्यांना भिंत ठोकायची असेल तर मिस्सेच्या नंतर ठोका म्हणावं. मी ओळख करून देतो फादरांशी, त्यांना पण डाव्या बाजूच्या ओलीचं कोणाला तरी विचारायचंच आहे. @चुना_आणि_सुरकी तुम्ही पण येताय का?

---

चुना_आणि_सुरकी

तारीख कळवा. हातोडी मी आणतो, लाकडी.